वाळूच्या पोटातलं गोडं पाणी

पेटी उभी आणि अरुंद होती. समोर काच, आत गच्च भरलेली वाळू. वाळूच्या वरच्या भागात साधं पाणी आणि खालच्या भागात दूध. ॲमस्टरडॅमच्या पाणीपुरवठा खात्याचे संचालक यान पेनिंक 1904-05 मध्ये या पेटीवर प्रयोग करत होते. वरच्या थरातून पाणी हळूहळू उपसायचं आणि खालची पांढरी रेघ कशी हलते ते काचेतून पाहायचं. उपसा सुरू झाला की ती रेघ मधोमध उचलली जाई, तिला टोक फुटे, आणि उपसा वाढवला की दूध थेट उपशाच्या तोंडाशी येऊन पोचे. पेनिंक यांनी टप्प्याटप्प्याची छायाचित्रं काढून ठेवली आणि 1915 मध्ये ती पुस्तकरूपानं प्रसिद्ध केली.

दूधच का, यालाही कारण होतं. दूध साध्या पाण्यापेक्षा किंचित जड असतं, समुद्राचं पाणीही जवळपास तितकंच जड. पांढरं असल्यामुळे ते काचेतून स्वच्छ दिसतं. शिवाय पाण्यात मीठ जसं पसरत जातं, तसे दुधातले स्निग्ध कण पटकन पसरत नाहीत, त्यामुळे दोन थरांमधली सीमा ठळक राहते. शहराला पाणी पुरवणाऱ्या वाळूच्या टेकड्यांखाली नेमकं काय घडतंय, हे पेनिंकना उघड्या डोळ्यांनी पाहायचं होतं. जमिनीत शिरून पाहण्याची सोय नव्हती, म्हणून त्यांनी जमीनच काचेमागे आणली.

या पेटीनंतर शंभराहून अधिक वर्षांनी, 2016 मध्ये, डेल्फ्टच्या तंत्रविद्यापीठात कून झ्यूर्बियर यांनी पीएच.डी.चा प्रबंध सादर केला. त्यांचा प्रश्न पेनिंकच्या प्रश्नाच्या उलट्या टोकाचा होता. खाऱ्या आणि मचूळ भूजलात आपण होऊन गोडं पाणी सोडलं, तर ते पुन्हा गोडंच वर काढता येईल का? आणि येणार असेल तर विहीर कशी बांधायची? या दोन प्रश्नांच्या मधली शंभर-सव्वाशे वर्षं म्हणजे एका सखल देशानं आपल्या पायाखालचं पाणी समजून घेण्याची हकीकत आहे. मला ती धरणांच्या आणि बंधाऱ्यांच्या इतिहासाइतकीच मोठी वाटते. ती दिसत नाही, म्हणून सांगितली जात नाही, एवढंच.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ॲमस्टरडॅम पाण्यात उभं होतं, पण प्यायला पाणी नव्हतं. कालवे मचूळ आणि घाण. छपरावरचं पावसाचं पाणी हौदात साठवायचं, नाहीतर व्हेख्त नदीवरून होड्यांनी आणलेलं पाणी विकत घ्यायचं. हिवाळ्यात नद्या गोठल्या की या होड्यांची वाट मोकळी करायला बर्फ फोडणारी नाव लागे. ही नाव ॲमस्टेल नदीच्या काठी जिथे उभी राहत असे, तिथल्या खानावळीला तिचंच नाव पडलं. 1832 मध्ये पटकीची साथ आली, 1848-49 मध्ये पुन्हा आली.

याकोप व्हान लेनेप हे त्या काळचे गाजलेले कवी आणि कादंबरीकार. त्यांच्या घराण्याची जमीन हार्लेमजवळ, समुद्रकाठच्या वाळूच्या टेकड्यांलगत होती आणि तिथलं पाणी किती निर्मळ लागतं हे त्यांना घरचं ठाऊक होतं. ते पाणी नळानं शहरात आणायचं, अशी योजना त्यांनी उचलून धरली. देशात भांडवल उभं राहीना, तेव्हा इंग्लंडमधून पैसा आणला, इंग्रज अभियंता आणला आणि 1851 मध्ये कंपनी स्थापन केली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अकरा वर्षांच्या युवराजाच्या हातून पहिली कुदळ मारली गेली. 12 डिसेंबर 1853 रोजी शहराच्या वेशीवर, विलेम्सपोर्टपाशी, टेकड्यांतलं पाणी आलं. एक बादली, एक सेंट. साहित्यिकानं शहराला पाणी दिल्याची उदाहरणं इतिहासात फार नाहीत. व्हान लेनेप यांच्या कादंबऱ्या आज फारसं कुणी वाचत नसेल, पण त्यांनी निवडलेल्या त्या टेकड्यांतून ॲमस्टरडॅम अजूनही पाणी पितं.

पाणी काढण्याची पद्धत सोपी होती. टेकड्यांमधून चर खणायचे, आजूबाजूच्या वाळूतून पाणी झिरपत चरात येतं, तिथून ते पुढे न्यायचं. शहर वाढत गेलं तसे चर लांबत आणि खोल होत गेले. पाऊस पडतो आणि वाळू ते पिते, तेव्हा हा साठा न संपणारा आहे, असं बराच काळ गृहीत धरलं गेलं.

त्या साठ्याचा तळ कुठे आहे, याचं उत्तर आलं लष्कराकडून. ॲमस्टरडॅमच्या संरक्षणासाठी शहराभोवती किल्ल्यांची साखळी उभी राहत होती. वेढा पडला तर आत अडकलेल्यांना पाणी कुठून द्यायचं, म्हणून शहराजवळ विहीर पाडायचं ठरत होतं. त्या संदर्भात अभियंता दलातले कॅप्टन विलेम बादोन गायबेन यांनी लिहिलेलं टिपण 1889 मध्ये प्रसिद्ध झालं. त्यातला हिशेब साधा आहे. समुद्राचं पाणी गोड्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्के जड असतं. त्यामुळे वाळूत मुरलेलं पावसाचं पाणी खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगतं, ताकातल्या लोण्याच्या गोळ्यासारखं: वर दिसतो तो थोडा, बुडालेला असतो तो फार. समुद्रसपाटीच्या वर भूजल एक मीटर असेल, तर तिच्या खाली सुमारे चाळीस मीटरपर्यंत गोडं पाणी असतं. बारा वर्षांनी, 1901 मध्ये, जर्मन अभियंता हेर्त्सबेर्ग यांनी उत्तर समुद्रातल्या बेटांवरच्या विहिरींचा अभ्यास करताना स्वतंत्रपणे हेच मांडलं. आज जगभरच्या पाठ्यपुस्तकांत हा नियम दोघांच्या नावानं शिकवला जातो. खरं तर अमेरिकेत शिकवणाऱ्या द्यु कम्यूं नावाच्या फ्रेंच शिक्षकानं 1828 मध्येच तो लिहून ठेवला होता, पण तिकडे कुणाचं लक्ष गेलं नाही.

मध्ये जाड आणि कडांना पातळ अशा आकारामुळे गोड्या पाण्याच्या या साठ्याला भिंग म्हणतात. आपल्या कोकणात पुळणीतल्या विहिरीला समुद्र हाकेच्या अंतरावर असूनही गोडं पाणी लागतं, ते असल्याच भिंगाच्या जोरावर. आणि त्याच विहिरीवर मोठा पंप बसला की दोन-चार उन्हाळ्यांत पाणी मचूळ होतं, हेही किनाऱ्यावरच्या माणसाला सांगावं लागत नाही.

चाळीसाचा नियम ऐकायला दिलासादायक आहे, पण तो दोन्ही बाजूंनी चालतो. वरची पातळी एक मीटर उतरली की खालचं खारं पाणी, सावकाश का होईना, चाळीस मीटर वर यायला निघतं. ॲमस्टरडॅमनं नेमकं हेच केलं होतं. 1896 मध्ये पाणीपुरवठा नगरपालिकेनं ताब्यात घेतला आणि 1903 पासून चिकणमातीच्या थराखालचं खोल पाणीही विहिरींनी उपसायला सुरुवात झाली. पेनिंकची पेटी ही त्या काळातली आहे. किती उपसावं यावर तेव्हा जाहीर वाद चालत. जावामध्ये आदिमानवाचे अवशेष शोधून जगप्रसिद्ध झालेले युजीन द्युबुआसुद्धा मायदेशी परतल्यावर टेकड्यांतल्या पाण्याच्या प्रश्नावर लिहीत होते. पेनिंकचं म्हणणं असं, की पाणी चराकडे फक्त बाजूनं येत नाही, ते खोलातून वळसा घेऊन खालूनही वर येतं, आणि त्याच वाटेनं खारं पाणीही येईल. उपसा चालूच राहिला. काही विहिरींना खारटपणा आला. टेकड्यांमधल्या ओलसर खोलगट जागा कोरड्या पडल्या आणि तिथली फुलझाडंही गेली.

मग हिशेब उलटा करण्याची वेळ आली. काढलं तेवढं परत घालायचं. लायडनच्या पाणी कंपनीनं 1940 मध्ये टेकड्यांत बाहेरचं पाणी मुरवायला सुरुवात केली. 1955 मध्ये हेगनं आणि 1957 मध्ये ॲमस्टरडॅमनं ऱ्हाईनच्या लेक नावाच्या शाखेचं पाणी दूरवरून नळांनी आणून टेकड्यांत सोडलं. जे चर पाणी काढायला खणले होते, त्यांच्या शेजारी आता पाणी मुरवायला तळी खणली गेली. नदीचं गढूळ पाणी वाळूतून जाताना गाळलं जातं, जंतू मरतात, आणि काही आठवड्यांनी पलीकडच्या चरात स्वच्छ पाणी निघतं. साठवण आणि शुद्धीकरण एकाच ठिकाणी. मात्र ऱ्हाईन त्या काळी युरोपातल्या कारखान्यांचं गटार होती. तिचं पाणी वाळूत घातल्यावर काय काय बदलतं, मीठ, लोह, आर्सेनिक कुठे अडकतं आणि कुठे सुटतं, याचा सविस्तर जमाखर्च पीटर स्टाउफझांड यांनी 1993 च्या आपल्या प्रबंधात मांडला. झ्यूर्बियर यांचे मार्गदर्शक हेच.

तळ्यांना जागा लागते आणि टेकड्या सगळीकडे नसतात. सरळ विहिरीतून पाणी खाली ढकललं तर? अमेरिकेत व्हर्जिनियामध्ये सीडरस्ट्रॉम यांनी 1946 मध्ये मचूळ पाण्याच्या विहिरीत गोडं पाणी सोडून ते परत काढण्याचा प्रयोग केला होता. 1967 मध्ये लुईझियानात इस्माइल आणि किंबलर यांनी खाऱ्या जलधरात, म्हणजे पाणी धरून ठेवणाऱ्या थरात, गोडं पाणी साठवणं जमेल का, याचं गणित आणि प्रयोग दोन्ही मांडले. हॉलंडमध्ये या वाटेवरची पहिली धोंड होती विहीर तुंबण्याची. उपशाच्या विहिरीत बारीक गाळ पाण्याबरोबर बाहेर पडतो, भरणाच्या विहिरीत तो नळाच्या जाळीवर बसतो. हवेचे बुडबुडे वाळूत अडकतात, जिवाणूंचा बुळबुळीत थर धरतो, लोहाचा गंज साचतो. थियो ओल्स्टहोर्न यांनी 1982 मध्ये या तुंबण्यावरच एक मोठा अहवाल लिहिला. ज्यांनी शेतातल्या बोअरला छतावरचं पाणी जोडून दोन पावसाळ्यांत बोअर बंद पडलेलं पाहिलंय, त्यांना त्या अहवालाची किंमत लगेच कळेल. पाणी आधी वाळूच्या गाळणीतून संथपणे गाळून घ्यायचं, विहीर अधूनमधून उलटी उपसून धुवायची, ही शिस्त तिथून पक्की झाली.

आता वेस्टलँडकडे. हेग आणि रॉटरडॅमच्या मधला हा पट्टा म्हणजे काचघरांचं शहर. टोमॅटो, ढोबळी मिरची, ऑर्किड, सगळं काचेखाली. या पिकांना सोडियम सोसत नाही, कारण पाणी पुन्हा पुन्हा फिरवून वापरलं जातं आणि मीठ साठत जातं. सर्वांत चांगलं पाणी पावसाचं. त्या देशात वर्षाला साधारण 800 ते 850 मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे एक हेक्टर काचेवर वर्षाला आठ हजार घनमीटरांहून जास्त. पण तो बराचसा नको तेव्हा पडतो. हिवाळ्यात तळी भरून वाहतात आणि पाणी समुद्रात सोडावं लागतं, उन्हाळ्यात टंचाई. जमीन इतकी महाग की मोठं तळं परवडत नाही. म्हणून 1980 च्या दशकापासून काही बागायतदारांनी छपरावरचं जादा पाणी गाळून विहिरीवाटे जमिनीखालच्या वाळूत सोडायला सुरुवात केली. खोली फार नाही, दहा ते पन्नास मीटर. पण तिथलं मूळ पाणी मचूळ, आणि समुद्राकडे जावं तसं चक्क खारं.

इथे पेनिंकचं दूध पुन्हा भेटतं. पूर्ण खोलीची जाळी असलेल्या विहिरीतून गोडं पाणी सोडलं की ते आधी विहिरीभोवती सरळ उभ्या खांबासारखं पसरतं. तसं ते राहत नाही. हलकं असल्यामुळे वर सरकतं, आणि तळाशी खारं पाणी विहिरीकडे घुसतं. उन्हाळ्यात उपसा सुरू केला की विहिरीच्या वरच्या अर्ध्या भागात गोडं पाणी येतं, खालच्या अर्ध्यात खारं, आणि नळाला दोन्हीचं मिश्रण लागतं. ते वापरता येत नाही, म्हणून पंप बंद. वर गोडं पाणी शिल्लक असूनही हाती लागत नाही. खाली घातलेल्या पाण्यातलं किती परत मिळालं, यावर शेतकऱ्याचा सगळा व्यवहार अवलंबून.

झ्यूर्बियर यांनी यावर नोटडॉर्प इथल्या एका ऑर्किड बागेत काम केलं. उपाय असा: एकाच छिद्रात एकाखाली एक अशा वेगवेगळ्या खोलीवर आखूड जाळ्या बसवायच्या, प्रत्येकीला स्वतंत्र नळ. भरताना जास्त पाणी खालच्या जाळ्यांतून सोडायचं, काढताना वरच्या जाळ्यांतून काढायचं. पाणी जिकडे सरकणार आहे तिकडेच त्याला जाऊन भेटायचं. परत मिळणाऱ्या पाण्याचं प्रमाण यामुळे स्पष्ट वाढलं. सोडियमची गोष्ट मात्र तेवढी सोपी नव्हती. पाणी खारं झालं नाही तरी वाळूतल्या चिकणमातीच्या कणांना चिकटलेलं सोडियम गोड्या पाण्यातल्या कॅल्शियमच्या बदल्यात सुटतं. पहिल्या काही हंगामांत हे चालू राहतं, आणि ऑर्किडला ते पुरेसं जाचक असतं.

प्रबंधातला मला सर्वांत मोलाचा वाटतो तो भाग दुसऱ्या एका, वेस्टलँडमधल्या जागेचा. इथे पाणी उथळ खाऱ्या थरात साठवलं जात होतं. त्याच्या खाली चिकणमातीचा अखंड थर आणि त्याखाली आणखी एक खारा जलधर, जो उष्णता साठवण्यासाठी वापरला जात असे. मधल्या चिकणमातीमुळे वरचं आणि खालचं पाणी वेगळं राहील, असं सगळ्यांनी धरलं होतं. प्रत्यक्षात उपसा सुरू झाल्यावर खारं पाणी फारच लवकर आलं. संगणकावरच्या प्रतिकृतीत ते इतक्या लवकर यायला नको होतं. मग पाण्याच्या रासायनिक घटकांवरून माग काढला, आणि बोट गेलं जवळच्या एका खोल विहिरीच्या छिद्राकडे. उष्णतेच्या साठवणीसाठी ते चिकणमाती भेदून खाली नेलं होतं, आणि बहुधा त्याच वाटेनं खालचं पाणी वर येत होतं. खालून येणारं पाणी वाटेतच अडवून उपसलं तर नुकसान कमी होतं, पण पूर्ण भरून निघत नाही, हेही त्यांनी मोजून लिहिलं. योजना आखताना गृहीत धरलेली गोष्ट जागेवर टिकली नाही, हे प्रबंधात इतक्या सविस्तर मांडणं मला फार महत्त्वाचं वाटतं. जिथे शेतातून शेतात बोअर मारलेली आहेत, तिथे जमिनीखालचा प्रत्येक थर कुणीतरी आधीच भोसकलेला असू शकतो.

अकोला, अमरावती, बुलढाण्यातला पूर्णेचा खारपाणपट्टा हे वाचताना डोळ्यांसमोर येतो. तिथेही भूजल खारं, आणि पावसाळ्यात वाहून जाणारं पाणी गोडं. पण पूर्णेच्या गाळात चिकणमाती भरपूर आहे. पाणी सोडलं तर ते कुठल्या थरात जाईल, किती खारं होऊन परत येईल, वाळूचे पदर एकमेकांशी कुठे जोडलेले आहेत, हे जागोजाग मोजल्याशिवाय डच नकाशा तिथे ठेवता येणार नाही. शेततळ्यांवर जेवढा खर्च होतो, त्याचा थोडा वाटा या मोजणीवर व्हावा, असं मला मनापासून वाटतं.

झीलंड प्रांतात प्रश्न आणखी बिकट. तिथे बाहेरून गोडं पाणी आणणारे नळ बऱ्याच भागात नाहीत. शेतकऱ्याकडे असतं ते पावसानं बनवलेलं पातळ भिंग, कुठे दहा-पंधरा मीटर, कुठे त्याहून कमी. उभी विहीर त्याला चालत नाही, लगेच खालचं खारं पाणी ओढून घेते. ओवेझांडे इथल्या फळबागेत 2013 मध्ये झ्यूर्बियर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आडव्या विहिरी टाकल्या, सुमारे 70 मीटर लांब, एकीच्या खाली दुसरी. वरच्या विहिरीतून हिवाळ्यात ओढ्याचं गोडं पाणी भरायचं आणि उन्हाळ्यात काढायचं. खालच्या विहिरीतून खारं पाणी उपसून भिंगाला खाली वाढायला जागा करून द्यायची. पेनिंकच्या पेटीत जे दूध वर येत होतं, त्याला इथे खालून ओढून धरलं.

शेजारच्या वाल्खरेनमध्ये पीटर पाऊ यांनी वेगळ्या वाटेनं तेच केलं. ऑक्टोबर 1944 मध्ये जर्मन सैन्याला हुसकावण्यासाठी दोस्त राष्ट्रांनी वेस्टकापेले इथला बांध बॉम्बनं फोडला आणि वाल्खरेनचा बहुतांश भाग वर्षभराहून अधिक काळ भरती-ओहोटीच्या पाण्याखाली राहिला. झाडं जवळजवळ सगळी मेली. तरी जमिनीच्या पोटात काही ठिकाणी गोडं पाणी पुन्हा साठलं, विशेषतः जुन्या खाड्यांच्या वाटांवर. या खाड्या पूर्वी वाळूनं भरल्या. त्यांच्या दोन्ही बाजूंची चिकणमाती आणि पीट, म्हणजे कुजलेल्या वनस्पतींचा थर, खचलं, लोकांनी पीट खणून नेलं, आणि कधीकाळी पाणी वाहणाऱ्या वाटा आज आजूबाजूपेक्षा उंच आहेत. गावं आणि बागा याच उंचवट्यांवर आहेत. सेरोस्केर्केजवळ पाऊ यांनी अशा एका उंचवट्यात निचरा नळ्यांच्या साह्यानं भूजल थोडं वर उचलून धरलं आणि जादा गोडं पाणी मुरवलं. बादोन गायबेनचा हिशेब इथे शेतकऱ्याच्या बाजूनं लागू झाला: वरची पातळी थोडी चढली आणि खालची खारी सीमा मीटरामीटरानं उतरत गेली. पाऊ यांच्या 2015 च्या वाखेनिंगेन विद्यापीठातल्या प्रबंधात त्या उतरण्याची मोजमापं आहेत. त्यासाठी मुरवलेलं पाणी एरवी पंप लावून समुद्रात टाकलं जात असे.